पुढच्याचा हात

कोपरखैरण्यात राहून रस्त्यावर सायकल चालवता येते का, असं उज्वला जगदाळेला कुणी विचारायची खोटी, बाई कंबर कसून उभीच राहायची. “येते का म्हणजे? असला रस्ता पुण्यात दाखवा मला!” मग सुरू. पामबीच रस्त्याची सरळ सपाट पट्टी. एका अंगाला खाडी, तिवरं, थंडीत ते गुलाबी पक्षी. चढ पाहिजे तर पारसिकचा डोंगर, लांब जायचं तर उरणची वाट. सकाळी साडेपाचला निघावं, बेलापूरला वळसा घालावा आणि आठच्या आत घरी पोह्याला हजर. आणि यातलं खोटं एक अक्षर नाही बरं का. फक्त तुर्भ्याकडून येणारा वास, उलट्या बाजूनं अंगावर येणाऱ्या रिक्षा, डंपर आणि पावसाळा संपल्यावर उघडे पडणारे खड्डे, एवढं ती सांगायची नाही. पोराचं प्रगतिपुस्तक दाखवताना आई गणितावर बरोबर अंगठा ठेवते, तसलाच प्रकार.

तिचंही काय चुकलं म्हणा. बावीस वर्षांपूर्वी कोरेगाव तालुक्यातून लग्न होऊन ती इथं आली. नवरा कृष्णात वाशीच्या मार्केटात माथाडी, आता टोळीचा मुकादम. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, लिफ्ट नाही, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावरची एक पायरी कायमची तुटलेली. बिल्डिंगमधली माणसं ती पायरी न बघता ओलांडतात, पाहुणे मात्र हमखास ठेचकाळतात. गावाकडचं कुणी आलं की नाक मुरडायचं. कोथरूडची जाऊ जयमाला तर टॅक्सीतून उतरतानाच नाकाला रुमाल लावायची. “कसं राहता बाई या केमिकलात!” हे वाक्य उज्वलाच्या मनात काट्यासारखं रुतलेलं होतं. चाळिशीत तिला शुगर निघाली. डॉक्टर म्हणाले चाला, गुडघे म्हणाले जमणार नाही, म्हणून सायकल आली. आणि त्या बारीक टायरच्या सायकलवरून पहिल्यांदा खाडीचा वारा अंगावर घेतला त्या दिवशी तिला वाटलं, ही जागा आपली आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

पुढं तिनं बायका जमवल्या. ‘खाडीकाठ सायकल मंडळ’ असं नाव ठेवलं. अकरा जणी, दर रविवारी. उज्वला कॅप्टन. रांगेत एकामागं एक चालवायचं, पुढच्या चाकापासून आपलं चाक हातभर अंतरावर, म्हणजे पुढची वारा कापते आणि मागचीला कमी जोर लागतो. पण इतक्या जवळून चालवलं की मागचीला रस्ता दिसत नाही, पुढचीची पाठ दिसते. म्हणून पुढचीनं हात दाखवायचा. खड्डा डावीकडं आला की डावा हात मांडीपाशी खाली सोडून बोट रस्त्याकडं करायचं, उजवीकडं आला की उजवा. मागचीनं बघायचं, वळायचं आणि तसाच हात तिच्या मागचीला दाखवायचा. उज्वला प्रत्येक नवीन बाईला दम देऊन सांगायची, “रस्त्याकडं बघायचं नाही. पुढच्याचा हात बघायचा. पुढच्याचा हात म्हणजे मागच्याचे डोळे.”

जागृती भोईर मंडळात आली ती सगळ्यांत शेवटी. जुईनगरच्या गावठाणातली सून, छत्तीस वर्षांची, दोन मुलींची आई. माहेरी उरणला असताना शाळेला सायकलनं जायची. लग्न झालं, सायकल सुटली. सासरच्यांची शेतं कधीच गेली, उरल्या घराच्या जागेवर आता तीन मजली चाळवजा इमारत, वर-खाली भाडेकरू, आणि त्यांचं पाणी, मीटर, भांडणं सगळं जागृतीच्या डोक्यावर. “ताई, मला आठवड्यात दोन तास पायजेत फक्त,” ती उज्वलाला म्हणाली होती. “माझे स्वतःचे. बाकी सगळे तास ज्यांचे त्यांना घेऊ देत.” सायकल तिच्या भावानं दिली, त्याची जुनी, निळी. पण सासू सोडेना. शेवटी उज्वला स्वतः त्यांच्या घरी गेली.

सासू भागीरथी म्हणजे सत्तरी ओलांडलेली खमकी बाई. हातात काठी, पण काठीवर भार कमी आणि धाक जास्त. तिनं उज्वलाची उलटतपासणीच घेतली.

“ही पडली-बिडली त?”

“माझ्या मागं असेल मावशी. एकदम मागं. मी खड्डा आला की हात दाखवते, ती त्याप्रमाणं वळते. माझी जबाबदारी.”

म्हातारीनं काठी पुढ्यात उभी धरली. मग हसली, एक दात नसलेलं हसू. “म्हंजे आमची काठीच झाली की ती. आमी खाजनात, खाडीच्या चिखलात, निवट्या मासं धराला जायाचो. बांध कुठं पोकल हाय ते पान्याखाली दिसत नाय. पुढली बाय काठी आपटत जायाची. पोकल जागा आली का दोनदा वाजवायाची. मागल्या बायांनी खाली बगायाचाच नाय, काठी आयकायाची.” तिनं आपली काठी फरशीवर दोनदा वाजवून दाखवली. “तुजा हात म्हंजे ती काठी. बरोबर?”

“बरोबर मावशी.”

“त मंग ने हिला. पन हिच्या पुढं तूच. दुसरी कोन नाय.”

आणि जागृती यायला लागली. चार महिने एक रविवार चुकला नाही. रांगेत उज्वलाच्या मागं, नजर तिच्या हातावर. इतकी आज्ञाधारक की आपल्या गावठाणाच्या रस्त्यावरचे खड्डेसुद्धा तिला माहीत नव्हते. माहीत असायची गरजच काय? पुढं ताई होत्या.

मग कुठून तरी ती अवदसा आठवली. नमिता म्हणून मंडळात एक होती, ती फोन घेऊन आली. सायकलवाल्यांच्या एका वेबसाइटनं सगळ्या राज्यात पाहणी काढली होती: ‘रस्त्यावरच्या सायकलिंगसाठी तुमचा परिसर किती चांगला?’ दहापैकी गुण. आधी फॉर्म भरायचा, मग त्यांचा माणूस येऊन तुमच्याबरोबर एक फेरी मारणार. उज्वलानं एका बैठकीत चार पानं लिहून काढली. खाडी, पक्षी, पट्टी, डोंगर. अंगठा तेवढा गणितावर. कोथरूडला आठ गुण मिळालेत, असं तिला कळलं आणि ती जी पेटली म्हणता! “आपल्याला आठाच्या वर पायजे. काहीही होऊ दे.”

कृष्णात जेवता जेवता म्हणाला, “अगं, गुण घेऊन काय लोणचं घालायचंय?”

“तुम्हाला नाही कळायचं,” ती म्हणाली. आणि त्याला खरंच कळत नव्हतं. रुमाल त्याच्या तोंडासमोर कुणी लावला नव्हता.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तो माणूस आला. आशुतोष नावाचा, तिशीचा, गुडघ्यापर्यंत मोजे, हेल्मेटवर कॅमेरा. बोलायला गोड. निघायच्या आधी त्यानं सगळ्यांना पद्धत समजावून सांगितली. “मी मधे राहीन. पुढचा स्वार खड्ड्यासाठी जितक्या वेळा हात खाली करेल, तितके खड्डे मी धरतो. सगळीकडे हीच पद्धत. रस्ता किती खराब आहे हे पुढच्या स्वाराच्या हाताइतकं कुणी खरं सांगत नाही.”

झालं! उज्वला बोटांवर मोजायला लागली. बत्तीस किलोमीटरची फेरी. खड्डे तिला पाठ होते. एकूण चौदा. चौदा वेळा हात खाली केला तर आठ सोडा, सहासुद्धा पदरात पडायचे नाहीत.

तिनं मनाशी हिशेब मांडला. त्या वेळी तो तिला अगदी शहाणपणाचा वाटला, हीच तर गंमत. खड्डा यायच्या बऱ्याच आधी आपण हळूच बाजूला सरकायचं. रांग आपोआप मागून सरकेल. हात करायचीच गरज नाही. कुणाला सांगायचं? मनात तर आलं होतं तिच्या, जागृतीला बाजूला घेऊन एक शब्द टाकावा. पण आशुतोष शेजारीच उभा राहून टायरची हवा बघत होता. राहिलं.

आणि काय सांगावं, जमलं की! वाशीचा पहिला खड्डा गेला, सानपाड्याचे दोन गेले. ती लांबूनच लोण्यातून सुरी फिरावी तशी वळायची आणि मागून जागृती, आशुतोष, नमिता, भाविका, सगळी रांग तशीच वळायची. पामबीचला सूर्य वर आला, खाडीवर पक्षी उतरले होते, आशुतोष मागून ओरडला, “काय रस्ता आहे हो ताई!” उज्वलाला आनंदानं हसू फुटलं. बेलापूरला वळसा घातला. दहावा, अकरावा, बारावा. हात हँडलवर चिकटवलेले.

परत येताना जागृतीला घराजवळ सोडायचं म्हणून नेहमीप्रमाणं जुईनगरच्या आतल्या रस्त्यानं वळल्या. तेरावा खड्डा तिथं होता. खड्डा कसला, कुणी तरी केबल टाकायला चर खणला होता आणि वर नुसती खडी लोटून दिली होती. तीन आठवडे झाले. दर रविवारी उज्वला तिथं दोन्ही हात आळीपाळीनं खाली करायची, वर तोंडानंही ओरडायची, “चर आला गं!”

आज ती उजवीकडं सरकायला गेली आणि उलट्या बाजूनं एक रिक्षा अंगावर आली. सरकायला जागा नाही. दोन सेकंद होते. दोन सेकंदात हात खाली जातो, तोंडातून शब्द निघतो, सगळं होतं. तिचा हात हँडलवरून सुटलासुद्धा, बोटभर. आणि तिच्या डोक्यात आलं, एवढ्यावर आलंय, आता एकासाठी कशाला? सवयीच्या अंगानं तिनं हँडल वर खेचलं, सायकल उचलली आणि चरावरून उडी मारून पलीकडं गेली. मागं नुसता आवाज झाला. आधी लोखंडाचा, मग जागृतीचा.

डावं कोपर मोडलं होतं. हाड बाहेरून दिसत नव्हतं, पण हात भलत्याच दिशेला वळला होता. तिच्या घरापासून दोन गल्ल्या अलीकडं. विपुल, तिचा नवरा, चप्पल न घालताच धावत आला.

दवाखान्याच्या बाकावर आशुतोष पांढरा पडून बसला होता. “मी ब्रेक मारला, मला दिसलंच नाही काय झालं, कॅमेऱ्यातही नुसती त्यांची पाठ आलीय, आणि त्यांना उचलायच्या घाईत रस्ता बघायचं सुचलंच नाही. रस्त्याला काही होतं का ताई?”

इथं बघा, अजून काही बिघडलं नव्हतं. चर आहे भाऊ, आणि मी हात केला नाही, एवढं म्हणायचं होतं. उज्वला म्हणाली, “छे हो. नवीन आहे ती. तोल गेला.”

नमिता आणि भाविका शेजारी उभ्या होत्या. दोघींना तो चर माहीत होता. नमिता नखं बघायला लागली, भाविकाला कुणाचा तरी फोन आला.

कोपरात लोखंडी पट्टी बसवून, टाके घालून जागृती पाच दिवसांनी घरी आली. उज्वला सफरचंदं घेऊन भेटायला गेली. खोलीत तिला धरून चौघं होती. जागृती पलंगावर, विपुल खिडकीशी, म्हातारी खुर्चीत. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये.

भागीरथीनं चहाचं विचारलं नाही. “मना येवढाच सांग बाय,” ती म्हणाली. “काठी वाजली होती का नाय?”

उज्वलाला कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. जागृतीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. वर्गात आपल्याला येणाऱ्या उत्तरासाठी बाईंनी दुसरीला उभं केलं की आपण कसं बघतो, सांग ना, सांग ना, तसं होतं ते.

“वाजली होती मावशी,” उज्वला म्हणाली. “मी हात केला होता.”

मग जागृती म्हणाली, “हो आई. माझंच लक्ष नव्हतं.”

“मंग काय,” म्हातारी म्हणाली. “पुढली सांगते आनि मागली आयकत नाय, तिनी घरातच बसलेला बरा.” आणि विपुलकडं बघून, “ती सायकल जिन्याखाली अडचन करते. देऊन टाक कुनाला तरी.”

जागृती गळ्यात बांधलेला हात सांभाळत फाटकापर्यंत सोडायला आली. उज्वलाला वाटलं आता ही रडेल. ती रडली नाही.

“ताई, मी तुमच्या हाताकडेच बघत होते,” ती म्हणाली. “दुसरीकडे कुठे बघणार होते मी?”

“अगं जागृती, तेव्हा...”

“थांबा. मी आत काय बोलले नाय, कारण मी म्हटलं असतं का ताई खोटं बोलतायत, तर झालंच ना. आई कधीच सोडणार नाय मला तुमच्याबरोबर. तुमी स्वतः सांगितलंत तर ऐकतील त्या. मला माहितेय त्यांचं. तुमी या परत. विपुलला मी सांगते, महिनाअखेरपर्यंत सायकल राहू दे म्हणून.” मग जरा थांबून म्हणाली, “दोनच तास होते हो माझे.”

घरी येऊन उज्वलानं कृष्णातला सगळं सांगितलं. त्याच्यापासून ती काही लपवत नसे. त्यानं हातातला घास ताटात ठेवला.

“उद्याच्या उद्या जा आणि सांगून ये. फाशी देणार आहेत का काय?”

“जाते ना. जाणारच आहे. एवढा रिपोर्ट तेवढा येऊ दे.”

“रिपोर्टाचा आणि त्या पोरीच्या हाताचा काय संबंध?”

संबंध होता. भागीरथीला सांगितलं की विपुलला कळणार, विपुलला कळलं की गावठाणाच्या ग्रुपवर येणार, आणि मग आशुतोषला कळायला काय उशीर? उज्वलानं रोज उद्यावर ढकललं. स्वतःला समजावत राहिली की सांगणार तर आहेच, पळून थोडीच चाललेय. पण रात्री कूस बदलताना तिला ते बघणं आठवायचं, सांग ना, सांग ना, आणि स्वतःची अशी शिसारी यायची की उठून पाणी प्यावं लागायचं. दोन रविवार मंडळाची फेरी तिनं पाऊल दुखतंय म्हणून रद्द केली. जागृतीचा फोन एकदा आला, तो तिनं घेतला नाही. पुन्हा आला नाही.

डिसेंबरच्या दोन तारखेला सकाळी रिपोर्ट आला. साडेआठ! कोथरूडच्या वर अर्धा गुण. फोन नुसता टणटणत होता. संध्याकाळी बायका पेढे घेऊन वर आल्या, गुडघे चोळत, तुटक्या पायरीला शिव्या घालत. नमितानं खुर्चीवर उभं राहून रिपोर्ट वाचला. जयमालाचासुद्धा मेसेज आला, “अभिनंदन, छानच की.” उज्वला हसत होती, पेढा तोंडात होता आणि गोड लागत नव्हता. मनात तिनं पक्कं केलं होतं. आता आला ना रिपोर्ट? उद्या सकाळी जुईनगर. पहिलं काम ते.

तेवढ्यात जिन्यावर काठीचा आवाज आला. एकेका पायरीवर एकेक ठोका. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोन ठोके पडले, मग पुन्हा एकेक. बायका दारातून बाजूला झाल्या आणि भागीरथी आत आली. तीन मजले चढून धाप लागली होती. विपुल खाली गाडीत असावा. म्हातारीनं पाणी घेतलं नाही, बसलीही नाही.

“तुमचा कागद आमच्याकडं पन आला फोनवं,” ती म्हणाली. “विपुलनी वाचून दावला. त्यान एक गोष्ट लिवलीय, ती मना परत आयकायची हाय. तुज्या तोंडून.”

उज्वलाला कोणती ते माहीत होतं. सकाळी तिनं तो रिपोर्ट वाचला तेव्हा त्याच ओळीपाशी तिचे डोळे अडकले होते, आणि तिनं घाईनं पुढचं पान काढलं होतं. तिनं नमिताच्या हातातून फोन घेतला.

“‘बत्तीस किलोमीटरच्या फेरीत,’” ती वाचू लागली, “‘पुढच्या स्वाराला खड्ड्यासाठी एकदाही हात खाली करावा लागला नाही.’”

“पुढं.”

“‘फेरीच्या शेवटी एका नवख्या स्वाराचा तोल गेला. त्याचा रस्त्याच्या स्थितीशी संबंध नाही.’”

“येकदा पन नाय,” भागीरथी म्हणाली. “आनि मना तू सांगतलास का काठी वाजली.”

“मावशी, मी उद्या येणारच होते. देवाशप्पत. उद्या सकाळी...”

“देवाला कशाला मदी घेतस? तो नवता हात दावाला.” म्हातारीचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. “परवा भंगारवाला आला. सूनबाय म्हनाली, महिना संपला, आता द्या. तिनीच जिन्याखालून काढून दिली, येका हातानी. मी म्हटला, चांगला झाला, अक्कल आली. आनि आज ह्यो कागद.”

उज्वला पुढं झाली. “मी नवी सायकल आणून देते मावशी. माझी देते. माझीच घेऊन जा.”

“तुजी सायकल काय करू? तिच्या पुढं कोन ऱ्हाईल?” भागीरथीनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मी पन येकदा काठी इसरली होती. रोजची वाट, डोल्यान बसलेली, वाजवायाची राहून गेली. माजी जाव मागं होती. मांडीपतूर आत गेली, पाय मोडला तिचा. मी घरी येऊन सासूच्या समोर सांगतला, का चूक माजी हाय. सासूनी मना शिव्या घातल्या, दोन दिस जेवाला वाढला नाय. मंग पाय जुलला आनि आमी परत गेलो. पुढं मीच. मागं तीच. वीस वर्षा गेलो.”

भाविकानं पेढ्यांचा डबा हळूच झाकला.

“हात कोनाचा पन चुकते बाय. तू त्या दिशी खरा सांगतला असतास, त तिचा हात जुलल्यावं मी तिला परत तुज्याच मागं लावली असती. दुसरीच्या नाय, तुज्याच. कारन येकदा चुकलेली परत चुकत नाय.” ती दाराकडं वळली. “आता लावनार नाय. तुज्या पन नाय आनि कोनाच्या पन नाय. तिनीच आज सांगतला मना, कागद आयकल्यावं. म्हनाली, आई, मना आता पुढच्याचा हात बगून चालवताच येयाची नाय.”

आणि ती निघाली. काठीचे ठोके जिन्यानं खाली उतरू लागले. उज्वला बायकांना ढकलत दारात आली, कठड्यावरून वाकली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलंही नाही. म्हातारी वळणावर पोचली होती आणि उज्वलाला ती पायरी आठवली. बावीस वर्षांत पहिल्यांदा आठवली असेल.

“मावशी!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. “पायरी! पुढची पायरी तुटलीय, जपून!”

ठोके थांबले. भागीरथीनं मान वर केली. तिनं काठी त्या पायरीवर दोनदा आपटली, पाय उचलून पलीकडं टाकला आणि म्हणाली, “चढतानाच बगितली मी. तू ऱ्हाऊ दे.”